वैयक्तिक कारणास्तव

राजीनामा या विषयावर आमच्या घरात बोलायचा खरा अधिकार माझ्या धाकट्या बहिणीचा. चिंचवडच्या एका कारखान्यात ती पर्सोनेल खात्यात लागली आणि खात्याच्या दारावरची पाटी बदलून ‘एचआर’ झाली तरी तिथेच राहिली. लोकांचे राजीनामे घ्यायचे, फायलीला लावायचे, हिशेब चुकते करायचे, यात तिची सगळी नोकरी सरली. मी एकाच बँकेला चिकटलो आणि तिथूनच शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. त्यामुळे या वादात माझं काम चहा करण्यापुरतं. वादी म्हणजे माझा मुलगा. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्याने पावणेपाच वर्षं काढली आहेत आणि आता तिथे त्याला एक दिवसही नको झालाय.

नको होण्याची कारणं जगावेगळी नाहीत. अमेरिकेतल्या क्लायंटच्या सोयीने रात्री साडेनऊला लागणारा कॉल, ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणत बारापर्यंत रेंगाळणारा. गणपतीत मंजूर झालेली रजा ऐनवेळी रद्द. वर्षभर पाठीवर थाप आणि अप्रेझलला ‘सगळ्यांनाच वरचं रेटिंग देता येत नाही रे’. दुसरीकडची ऑफर हातात पडल्याबरोबर त्याने मेल लिहिला, आणि नशीब आमचं, पाठवायच्या आधी आत्याला दाखवला.

तिने चष्मा पुसला, फोन लांब धरून वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

“मॅनेजरचं नाव पाच ठिकाणी आलंय.”

“मुद्दामच घेतलंय.”

“आणि हे सीसीमध्ये कोण कोण आहेत?”

“सगळी टीम. कळू दे की सगळ्यांना.”

“मग हा राजीनामा नाही, हे पेपरातलं वाचकांचं पत्र झालं. यात शेवटचा दिवस कुठला ते लिहिलेलंच नाहीस तू.”

खरंच नव्हतं. साडेसातशे शब्दांचा मेल, त्यात तीन वर्षांपूर्वीचा एक अपमानसुद्धा होता, पण तारीख नव्हती.

“बरं, मग तू सांग काय लिहू,” तो म्हणाला.

“मी राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्राप्रमाणे नव्वद दिवसांची नोटीस धरून माझा शेवटचा दिवस अमुक. तोवर हातातलं काम नीट सोपवून देईन. खाली नाव. आणि मेल टाकायच्या आधी त्या माणसाला समोर बसून सांग. आवडत नसला तरी. इनबॉक्समधून कळलं की माणसं दुखावतात आणि मग नव्वद दिवस त्याचे उट्टे काढतात.”

“कारण काय लिहायचं?”

“कारण लिहिलंच पाहिजे असं कुठे आहे? लिहायचंच असेल तर वैयक्तिक कारणास्तव.”

इथे खरी ठिणगी पडली.

“बघ, हेच! आत्या, यात वैयक्तिक काय आहे? घरी कुणी आजारी नाही, मी गावी शेती करायला चाललेलो नाही. कारण तिसऱ्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये बसलंय, त्याला नाव आहे, एम्प्लॉयी कोड आहे. माझ्या आधी याच टीममधून किती जण गेले, प्रत्येकाने वैयक्तिक कारण लिहिलं. वरच्या लोकांना वाटत असेल, या टीममधल्या पोरांच्या घरीच काहीतरी बिनसलेलं असतं.”

आत्या हसली, पण लगेच गंभीर झाली. “आम्हाला कळायचं रे. पत्रावरून नाही, तारखांवरून. कुठल्या शॉपमधून वर्षात किती गेले त्याचा तक्ता असायचा माझ्याकडे. एका फोरमनच्या हाताखालून लागोपाठ माणसं जायला लागली की तक्ताच सांगायचा.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“कधी केलं. कधी नाही केलं. फोरमन उत्पादन काढून देत असला की साहेब लोक तक्ता बघायचे आणि बाजूला ठेवायचे.”

“म्हणजे खोटं लिहिणाऱ्याने खोटं लिहायचं, वाचणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत, आणि तरी फाइल पूर्ण.”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द जाणाऱ्याच्या सोयीचे म्हणून आपण शिकवतो. ते सर्वांत जास्त सोयीचे असतात ते ज्याच्यामुळे माणूस गेला त्याला.

मुलाने मग मोठं नाव काढलं. “बाबासाहेबांनी लिहिलं होतं का वैयक्तिक कारणास्तव? सप्टेंबर १९५१ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले तेव्हा हिंदू कोड बिलाचं काय झालं, अनुसूचित जातींकडे सरकारचं कसं दुर्लक्ष आहे, परराष्ट्र धोरण कुठे चुकतंय, सगळं मांडलं. आजारपणामुळे गेले असं कुणी म्हणू नये, हेसुद्धा स्पष्ट करून टाकलं. संसदेत निवेदनाची प्रत आधी द्या म्हणून अडवलं, तर सभागृहातून उठले आणि वर्तमानपत्रांकडे दिलं.”

“सगळं बरोबर. आता पुढचंही सांग,” आत्या म्हणाली. “राजीनामा दिला २७ सप्टेंबरला. नेहरूंनी दुसऱ्याच दिवशी स्वीकारला. मग ऑक्टोबरात ते मंत्री कसे होते?”

मुलगा गप्प.

“कारण नेहरूंनी अधिवेशन संपेपर्यंत थांबायची विनंती केली आणि संकेत म्हणून ते थांबले. त्यांना तर ताबडतोब मोकळं व्हायचं होतं. एवढा राग, एवढी निराशा, आणि तरी नोटीस पिरियड भरला की रे त्यांनी! पंतप्रधानांना पत्र आधी, लोकांपुढे निवेदन नंतर, अशा दोन वेगळ्या गोष्टी केल्या. तू दोन्ही एकाच मेलमध्ये कोंबतोयस. शिवाय ते देशाला उत्तर देणं लागत होते. तुझ्या सीसीतल्या पोरांना तू काय देणं लागतोस?”

“खरं काय ते.”

“ते त्यांना माहीत आहे. तीही त्याच कॉलवर असतात.”

मला राहवलं नाही. म्हटलं, पुण्यात राजीनाम्याचा विषय निघावा आणि टिळकांचं नाव निघू नये हे बरं नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० साली ते बाहेर पडले तेव्हा त्यांनी लिहिलेलं पत्र म्हणजे संस्थेचा इतिहास, आजीव सदस्यांची बांधिलकी आणि सहकाऱ्यांशी झालेले मतभेद यांचं लांबलचक प्रकरणच आहे. भांडण तरी कशावरून? संस्थेला वाहून घेतलेल्यांनी बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई करावी की नाही यावरून. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ते टोकाला गेलं. आजच्या हिंजवडीत याला मूनलाइटिंग म्हणतात. २०२२ मध्ये विप्रोने त्यापायी तीनशे माणसं काढली होती.

“आणि एवढं लिहून फरक काय पडला?” बहिणीने विचारलं. “संस्था आगरकर-गोखल्यांच्याच मताने चालली. पुढे दोन वर्षांत आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.”

“इतिहासकारांना तरी उपयोग झाला,” मी म्हटलं.

“टिळकांना ते परवडलं. त्यांच्याकडे ‘केसरी’ होता.”

“माझ्याकडे लिंक्डइन आहे,” मुलगा म्हणाला.

“तिथे लिहिलंस तर सगळ्यांत आधी वाचेल तो तुझा पुढचा मॅनेजर. आणि तो वाचताना स्वतःला तुझ्या जागी ठेवणार नाही, तुझ्या मॅनेजरच्या जागी ठेवेल.”

हे मला पटलं. मुलाला पटलं नाही. त्याची गाडी आता दुसऱ्या रुळावर गेली होती.

“पण हे सभ्यपण एकतर्फी का? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की सुमारे १२ हजार माणसं कमी करणार. टाटांची कंपनी, जिथे एकदा चिकटलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकायचे. इतर ठिकाणी तर सकाळी मीटिंगला बोलावतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत लॅपटॉप बंद. त्यांना वेळ लागत नाही, मला मात्र नव्वद दिवस. त्यांचा निर्णय म्हणजे बिझनेस, माझा निर्णय म्हणजे अनप्रोफेशनल. मी उद्यापासून गेलोच नाही तर?”

“तर तुझ्या नावापुढे अ‍ॅबस्कॉन्डिंग लागेल. फरारी. चोराला लावतात तो शब्द. रिलीव्हिंग लेटर नाही, आणि नवी कंपनी पहिल्या दिवशी तेच मागते.”

“कोर्टात जाऊन मला खुर्चीत बसवू शकत नाहीत.”

“नाहीच बसवू शकत. मनाविरुद्ध नोकरी करायला कुठलंच कोर्ट लावत नाही. पण पैसे मागू शकतात. विजया बँकेची केस आहे बघ. तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायचे अशी अट होती. एक अधिकारी मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला, पैसे भरले आणि मग अटच बेकायदा आहे म्हणून भांडला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला.”

“माझ्या पत्रात तर सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही असंही लिहिलंय.”

“ते सोड. नोकरी संपल्यावर पोट कुठे भरायचं ते त्यांनी ठरवायचं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम आहे त्यासाठी. घाबरवायला लिहितात. फक्त त्यांचा कोड, त्यांचा डेटा पेनड्राइव्हवर घालून नेऊ नकोस. बरं, तू कामाला कधी लागलास? नक्की तारीख सांग.”

“पाच जुलै २०२१.”

तिने टेबलावरची पाठकोरी पावती ओढली आणि पेन मागितलं. ही बाई हिशेबाला बसली की माझ्या वडिलांसारखी दिसते, ओठ घट्ट मिटून.

“बेसिक किती?”

“चाळीस हजार.”

“ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. चाळीस हजारांवर पाच वर्षांचे होतात एक लाख पंधरा हजार तीनशेच्या वर. आज दहा एप्रिल. आज पेपर टाकलास आणि नोटीस पूर्ण भरलीस तर शेवटचा दिवस येतो जुलैच्या नऊ तारखेच्या आसपास. पाच वर्षं चार जुलैला भरतात.”

मुलाने पावती हातात घेतली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो काही न बोलता वाचत होता.

“पण चार वर्षं आणि दोनशे चाळीस दिवस झाले की मिळते ना? आमच्यात सगळे म्हणतात.”

“मद्रास हायकोर्टाचा तसा निकाल आहे. तुझी कंपनी तो मानेल का? नाही मानला तर लेबर ऑफिसला खेटे घालणार कोण, तू का तुझा बाप? पाच भरून टाक.”

“नवी कंपनी म्हणते लवकर या. उरलेल्या नोटिशीचे पैसे आम्ही भरू.”

“लेखी म्हणते?”

“फोनवर.”

“म्हणजे म्हणत नाही. बेसिकवर धरलं तरी तीन महिन्यांचे एक लाख वीस हजार होतात. हे आणि ग्रॅच्युइटी मिळून सव्वादोन लाखांच्या वर जातं. एवढा महाग राग आपल्याला नको. नव्या लोकांना सांग जुलैत येतो. खरंच हवा असशील तर थांबतील. आणि त्यांचं पत्र सहीशिक्क्यासकट हातात आल्याशिवाय इथे तोंड उघडायचं नाही. हो, आणि उरलेली रजा किती आहे ते आजच बघून ठेव, पगाराच्या स्लिपा उतरवून घे, फॉर्म सोळा उतरवून घे. एकदा लॉगिन बंद झालं की भीक मागत फिरावं लागतं. पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर पुढे ने.”

हा सगळा भाग ती एका दमात म्हणाली. मुलाने तिच्या आधीच्या एका वाक्यावर मात्र तिला पकडलं. ती म्हणाली होती की फुल अँड फायनल हिशेबाला महिना-दीड महिना लागतो, कंपन्यांची पद्धतच आहे. त्याने मोबाइल पुढे केला: नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि राजीनामा देणाऱ्याचंही वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असं त्यात आहे.

“वाचलंय मी,” ती म्हणाली, “पण पाळताना बघायचंय.”

“बघ! कायदा त्यांनी मोडला तर ‘पद्धत’. नोटीस मी मोडली तर फरारी.”

“हो. तसंच आहे.”

तिने ते इतक्या सरळ मान्य केलं की त्याचा आवाज एकदम खाली आला. माझ्या मते संध्याकाळचं वळण हेच. तोवर ती कंपनीची बाजू घेतेय असं त्याला वाटत होतं.

“मग मी नीट का वागू? भीतीने?”

“पैशासाठी वाग, ते मी सांगितलंच. उरलेलं सांगते. आमच्या टूलरूममध्ये एक फिटर होता. फोरमनशी त्याचं विळ्या-भोपळ्याचं. दोघांची तक्रार माझ्याच टेबलावर यायची. शेवटी कंटाळून त्याने राजीनामा दिला. जायच्या आधी एक शंभर पानी वही आणली आणि त्याच्या ताब्यातल्या ग्राइंडिंग मशीनबद्दल लिहायला बसला. सकाळी गार असताना पहिले चार नग माप सोडतात. अमुक स्क्रू अर्धा फेरा जास्त पिळला की आवाज बदलतो, तो ऐकायचा. कूलंट कुठून गळतं आणि तिथे काय गुंडाळायचं. अक्षर गिचमीड, पण आकृत्या काढलेल्या. मी म्हटलं, अहो, त्या फोरमनसाठी एवढं करताय? तर म्हणाला, मॅडम, फोरमन मशीनला हात कुठे लावतो? रात्रपाळीला ते नवीन पोरगं आहे ना.”

“वहीचं काय झालं?”

“मशीन भंगारात निघेपर्यंत तिथेच होती. तेलाने काळी झालेली.”

मुलगा काही बोलला नाही, पण त्याच्या मनात कोण आलं असेल ते मला माहीत आहे. त्याच्या हाताखाली एक मुलगी आहे, गेल्याच वर्षी कॉलेजमधून आलेली, यवतमाळची. हा गेला की रात्री साडेनऊचा कॉल तिच्या गळ्यात पडणार. कुठला जॉब रात्री का पडतो, क्लायंटकडचा कोणता माणूस मेलला उत्तर देतो आणि कोणता फोनशिवाय हलत नाही, हे सगळं याच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणून कंपनी जे सेशन ठेवते त्यात यातलं काही येत नाही, असं त्यानेच मला एकदा सांगितलं होतं.

“तिच्यासाठी लिहीन मी,” तो शेवटी म्हणाला. “पण मॅनेजरचं काय? तो तसाच राहणार, आणि तिच्या वाट्याला येणार. तुझ्या फिटरने वही दिली, पण फोरमन तर ठेवला ना तिथेच?”

हा प्रश्न या सगळ्या वादातला सर्वांत अवघड होता आणि माझी बहीण त्यावर थोडी अडली. मग म्हणाली, फोरमनला हलवायचं तर लोकांनी नोकरीत असतानाच बोलायला हवं होतं, चार जणांनी मिळून, लेखी. जाताना एकट्याने ओरडलेलं ‘त्याला राग होता’ म्हणून धुवून जातं. मुलगा म्हणाला, नोकरीत असताना बोलणाऱ्याचं रेटिंग काय होतं ते तुला माहीत नाही. मला वाटतं, दोघंही बरोबर होते. आणि हेही वाटतं की आपल्याकडे राजीनाम्याला बोलण्याची जागा मानतात कारण त्याआधी बोलायला जागाच ठेवलेली नसते. मंत्र्यांचंसुद्धा तेच. मागे शिवसेनेचे मंत्री राजीनामे खिशात घेऊन फिरतो म्हणायचे. सरकारची पाच वर्षं पूर्ण झाली, खिसे भरलेलेच राहिले.

“एक्झिट इंटरव्ह्यू असतो ना शेवटच्या आठवड्यात? तिथे बोल,” आत्या म्हणाली. “पण असं नाही बोलायचं.” तिने परत त्याचा मेल उघडला. “हे ‘अत्यंत असंवेदनशील’, हे ‘विषारी वातावरण’, हे ‘हुकूमशाही’, सगळं खोड. विशेषणं वाचून एचआरवाला काही करू शकत नाही. मी पण करू शकले नसते. अमुक तारखेला कॉल रात्री किती वाजता संपला? रजा मंजूर झाल्याचा मेल कधीचा, रद्द केल्याचा कधीचा?”

“कॅलेंडरमध्ये आहे सगळं.”

“मग तेवढंच दे. तारखा खोट्या पाडायला त्यांना रेकॉर्ड उघडावं लागतं, आणि रेकॉर्ड उघडलं की निदान एक माणूस ते वाचतो.”

“काउंटर ऑफर दिली तर?” मी विचारलं.

“घेऊ नको,” दोघं एकदम म्हणाले. या एका मुद्द्यावर एकमत.

राजीनाम्याचा मेल शेवटी चार ओळींचा झाला. कारणाची जागा त्याने रिकामी ठेवली. ‘वैयक्तिक’ हा शब्द तो लिहिणार नाही म्हणजे नाही, आणि आत्यानेही मग ताणलं नाही. ‘इथे खूप शिकायला मिळालं, आभारी आहे’ या ओळीवर मात्र पाऊण तास गेला. तिचं म्हणणं, पावणेपाच वर्षांत काहीच शिकला नाहीस असं म्हणशील तर पगार कशाचा घेतलास? त्याचं म्हणणं, शिकलो ते टीमकडून. शेवटी आभार टीमचे मानले गेले आणि मॅनेजरचं नाव फक्त ‘प्रति’पुढे उरलं.

“पण आत्या, एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे काय असतो सांगू?” लॅपटॉप मिटता मिटता तो म्हणाला. “एक फॉर्म. नोकरी सोडण्याचं कारण, ड्रॉपडाउन. चांगली संधी, उच्च शिक्षण, स्थलांतर, विवाह, वैयक्तिक. मॅनेजर हा पर्यायच नाही त्यात.”

“खाली रिमार्क्सचा रकाना असेल.”

“आहे. अडीचशे अक्षरांचा.”

“अडीचशेत किती तारखा बसतात?”

तो मोजायला लागला.